निरगाठ

मासा हातभर तरी होता, मी सांगत होतो,
मॅनिस्टीच्या उत्तर धक्क्यावर, दिव्याच्या पुढे, पहाटे सव्वासहाला.
डोलोरेस शिमान्स्की ऐकत नव्हती.
चष्मा कपाळावर ढकलून
दोरीचं टोक डोळ्याशी धरून बघत होती.
टोक कुरळं होतं, डुकराच्या शेपटीसारखं.

तुटली असती तर सरळ तुटली असती, म्हणाली.
ही सुटलीय.
माशाला नावं ठेवू नकोस.

तिच्या दुकानात गांडुळांचा फ्रीज गुरगुरत असतो,
वर पाटी, आज रोख उद्या उधार अशा अर्थाची,
पाटीला टेकून नवऱ्याचा फोटो.
काउंटरवर तिनं एक मोठा गळ ठेवला, अणी घासून बोथट केलेला,
आणि बुटाच्या नाडीएवढी जाड दोरी.

नेढ्यातून आत घाल.
आता टोक मूळ दोरीला गुंडाळ. पाच वेढे.
चार नाही, चार म्हणजे देवावर भरवसा.
टोक मागे आण. नेढ्याजवळ पहिला फासा राहिलाय ना, त्यातून काढ.
आता हा नवा, मोठा झालाय, त्यातूनही.
अरे ओढतोस काय! थांब.
थुंकी लाव.

इथे माझे हात थांबले.

इचलकरंजीत बाबा चार माग सांभाळायचे.
ताण्यातला धागा तुटला की
दोन्ही टोकं चिमटीत, जिभेला लावून,
पापणी लवायच्या आत गाठ,
इतकी बारीक की फणीतून निघून जायची
आणि कापडाला पत्ता नसायचा.
मी डबा घेऊन दारात उभा.
त्या खडखडाटात बोलून उपयोग नसे.
एकदा मी तुटक्या धाग्याकडे हात नेला.
त्यांनी तो बाजूला केला
आणि हवेत बोटानं पाटीवर लिहिल्यासारखं केलं.
शाळा.

म्हणून माझ्या बोटांना सह्या येतात.
गाठींत फक्त सुरगाठ, बुटाची,
एका टोकाला झटका दिला की मोकळी.
तीन शहरं मी अशीच सोडली.

कोरडी ओढलीस तर घासून तापते, डोलोरेस सांगत होती,
आतून जळते. वरून चांगलीच दिसते.

मी थुंकी लावली. हळू ओढलं.
तिनं गळ काउंटरच्या खिळ्यात अडकवला,
दोरी मुठीला गुंडाळून हिसका दिला.
सुटली.
पुन्हा.
गळ्यातल्या नेलकटरनं ती वाईट गाठी कापत गेली,
मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला दोन डझन जिवंत मासोळ्या मोजून दिल्या,
एक मेलेली निघाली ती परत घेतली,
ओले हात स्वेटरला पुसत आली. पुन्हा.

अकरावी गाठ तिनं काउंटरला पाय लावून ओढली.
मिठाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पोती शिवलेला हात.
नेलकटर उचललं नाही.
शेपूट जरा लांब ठेव, एवढंच म्हणाली, तिथं कंजूषपणा नको.

रात्री धक्क्यावरून बाबांना फोन लावला.
तिकडे सकाळ. कान मागांनी कधीच खाल्लेत, म्हणून ओरडून:
बाबा, आज गाठ शिकलो!
गाठ? कुठं आलीया? डाक्टरला दाखवलीस काय?
आली नाही हो, बांधली. गळाची. मासे धरायची.

मग बराच वेळ नुसती खरखर.

पीळ किती दिलंस?
पाच.
थुकी लावलीस न्हवं?
लावली.
मग बसली आसंल.
मासा?
नाही लागला.
लागंल की. आणि त्यो आवाज कसला रं, मागं?
तळं आहे, बाबा.
तळं? येवढं?

मी फोन लाटांकडे धरला.
ते ऐकत राहिले, काहीच न बोलता,
कुठला माग बंद पडलाय
ते शोधत असल्यासारखे.